पान चौदावरच्या फुल्या

सक्करदरा, नागपूर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आबाजी,

सलाम. फोन करणार होती, पण फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर माया मावशी आधी वाचते न् मग तुम्हाले सांगते, ते पण तिले जेवढं पटते तेवढंच. म्हणून पत्र.

मुद्द्यावर येते. कापणीच्या सणाले आपल्या चर्चच्या मंडळीत सगळे काही ना काही घेऊन येतात. बायजाबाईचं कोहळं ठरलेलं. आमच्या घरून मागच्या वर्षी पुदिन्याची कुंडी गेली, कारण सक्करदऱ्यात दुसरं काही पिकत नाही. पहिलं फळ देवाचं, असं तुम्हीच शब्बाथशाळेत शिकवलं. तर या वर्षी माह्याकडे पहिलं फळ आहे. कथा. सोबत पाठवून राहिली. तुम्ही अचलपूरले गेले तरी मंडळीच्या 'दिवटी' पत्रिकेचा अंक तुमच्याच हातचा निघतो, तर सणाच्या अंकात घ्या.

घाबरू नका, प्रयोग फार नाही. पूर्णविराम नाहीत, एवढंच. ॲम्बुलन्स थांबत नाही, मग वाक्यानं काहून थांबावं?

दुर्गेश नावाचा ड्रायव्हर एका म्हाताऱ्या बाईले महालातून रामदासपेठेच्या दवाखान्यात नेऊन राहिला. गल्लीत पांढरी गाडी आडवी. मालक पान घेत बोट दाखवतो, एक मिनिट. दुर्गेश काच खाली करते न् म्हणते, "सरक ना बे भाडखाऊ, मागं माणूस मरून राहिलं!" मग स्टेअरिंग धरून, डोळे उघडे ठेवून तो प्रार्थना करते. वाट मिळते. बाई वाचते.

दुर्गेश म्हणजे बाबाच, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण नाव बदललं, म्हणजे झालं ना? शिवी मले रोशनी सिस्टरनं सांगितली, ती त्या दिवशी मागं बसली होती. प्रार्थना मी बाबांनी मंडळीत उभं राहून दिलेल्या त्या साक्षीतून उचलली, तुम्ही दोन वर्षांपूर्वी छापली होती ती. शब्द न् शब्द तीच.

बाबांना अजून दाखवली नाही. छापून आली की एकदम हातात देईन.

तुमची,
उन्नती


अचलपूर
१४ ऑगस्ट २०२५

चि. उन्नतीस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा दम लागला. तुझ्या वाक्यांना थांबा नाही आणि मला दमा आहे. दुसऱ्यांदा मीच पेन्सिलीने पूर्णविराम टाकत वाचली. ती प्रत जपून ठेवली आहे. म्हातारी वाचते तिथे चष्मा काढून पुसावा लागला. हे तुझ्या आईला सांगू नकोस, ती लगेच फोन करेल आणि मी 'हो, हो' म्हणत बसेन.

आता त्या शब्दाबद्दल.

तुला वाटेल, म्हाताऱ्याला शिवी ऐकवत नाही. तसं नाही. मी छत्तीस वर्षं मुलांच्या शाळेत शिकवलं, सगळ्या ऐकल्या आहेत. पण 'दिवटी' कशी वाचली जाते ते तुला माहीत आहे. संध्याकाळी घरची प्रार्थना होते, आणि मग घरातलं कोणीतरी एक पान मोठ्याने वाचतं. बायजाबाईंना दिसत नाही, त्यांची सून वाचते. म्हणजे शब्द तू लिहिणार, पण तोंड दुसऱ्याचं विटाळणार, तेही आमेन म्हटल्यावर दोन मिनिटांत. हा तुझा अधिकार आहे का, याचा विचार कर. आपण ख्रिस्ती माणसं लिहितो तेव्हा एवढं पाहायला नको का?

तिथे 'अरे बाबा' घाल. अर्थ तोच राहतो.

प्रार्थनेबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तुझा,
प्रेमानंद आबाजी


सक्करदरा, नागपूर
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय आबाजी,

"सरक ना अरे बाबा, मागं माणूस मरून राहिलं!"

आबाजी, असं बोललं असतं ना, तर ती गाडी आजही महालात तिथंच उभी असती, न् मालक दुसरं पान लावून घेत असता.

तुमचं तोंडाचं म्हणणं मले पटलं. खरंच. दोन दिवस त्याच्यावर विचार केला. आईले विचारलं, तुले वाचता येईल का वं असा शब्द प्रार्थनेनंतर? ती म्हणाली, कोणता? मी सांगितला. ती म्हणाली, एवढ्या जोरात सांगाले काय झालं, शेजारी ऐकते. म्हणजे तुमची बाजू थोडी बरोबर आहे.

पण माही पण ऐका. आपल्या शास्त्रात, बायबलात, कोळी आहेत, जकातवाले आहेत. जाळं फाटलं की ते एकमेकांशी काय 'अरे बाबा' म्हणून बोलत असतील? मले तर वाटते, प्रभूनं ज्यांना सोबत घेतलं त्यांची भाषा आपल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललीच नसती. ख्रिस्ती लेखकानं घाण लिहू नये, कबूल. मजेसाठी, शाईनिंगसाठी शिवी टाकू नये, तेही कबूल. पण एका माणसानं जीव तोडून जे म्हटलं ते पुसून त्याच्या तोंडी गोड शब्द द्यायचा, तर ती खोटी साक्ष नाही का? दहा आज्ञांतली एक तर त्याच्याबद्दल पण आहे.

अजून एक. ज्या बाईले बाबांनी नेलं त्या इंदूबाई ठणठणीत आहेत. रोशनी सिस्टरले त्या शुद्धीवर आल्या आल्या काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, "कोणीतरी माह्यासाठी भांडून राहिलं होतं, म्हणून मी थांबली."

त्यांनी प्रार्थना नव्हती ऐकली आबाजी. तो शब्द ऐकला होता.

काढू नका.

उन्नती


अचलपूर
१ सप्टेंबर २०२५

चि. उन्नतीस,

सलाम. इंदूबाईंचं वाचलं. मला माहीत नव्हतं.

कथा घेतो. त्या शब्दाचं योग्य ते करीन, काळजी करू नकोस. पूर्णविराम घालणार नाही. वाचणाऱ्यांनी आपापला श्वास सांभाळावा.

एवढं सांग, तुझ्या बाबांनी, रविंद्रने, वाचली का?

आबाजी


सक्करदरा, नागपूर
१३ ऑक्टोबर २०२५

आबाजी,

सलाम, पण रागात.

'योग्य ते करीन' म्हणजे फुल्या? मले वाटलं तुम्ही मानले. मी तर मैत्रिणीले, हिमानीले, पेढे पण चारले.

ऐका आता काय झालं ते. काल सण. स्टेजसमोर कोहळे, केळीचे घड, संत्र्याच्या टोपल्या, आमची कुंडी. उपासना झाली, सगळे पंगतीले बसले, अंक वाटले. दहा मिनिटं सगळे वाचत बसले. मग पान चौदाची कुजबुज सुरू झाली.

तुम्ही पाच फुल्या टाकल्या. तिथं आधी एक सरळ साधी शिवी होती, नागपूरले कोणत्याही सिग्नलवर फुकट मिळते ती. पण फुल्या पाहून प्रत्येकाले वाटलं, संपादकानं झाकलं म्हणजे काहीतरी भयंकर असेल. ढोलकीवाला विक्की म्हणे, "हे तेच आहे," न् जे सांगितलं ते मी लिहू शकत नाही. पाळकसाहेबांच्या बाईंनी मले बाजूले घेऊन विचारलं, "आईवरून आहे का गं?" म्हटलं नाही. तर म्हणे, "मग बहिणीवरून?"

आणि बायजाबाई. महिला मंडळाच्या अध्यक्ष, वय चौऱ्याऐंशी. सुनेचा हात धरून माह्याजवळ आल्या, कानाशी तोंड नेलं न् म्हणाल्या, "तो शब्द हा होय का वं?" आबाजी, मी मराठीत एम.ए. केलं. तो शब्द मले माहीत नव्हता. अजूनही अर्धाच समजला.

तुम्हाले एक तोंड विटाळायचं नव्हतं. दीडशे तोंडं विटाळली. जेवताना!

आणि खरं सांगू, वाईट याचं वाटून राहिलं की कथेबद्दल कोणीच बोललं नाही. कथेतली म्हातारी वाचली की मेली, कोणी विचारलं नाही. सगळे फुल्यांतच अडकले.

बाबा सणाले नव्हते, ड्यूटी होती. अंक अजून त्यांना दिला नाही. आता द्यावासा पण वाटत नाही.

उन्नती


अचलपूर
१८ ऑक्टोबर २०२५

चि. उन्नतीस,

सलाम.

बायजाबाईंचं वाचून मी इतका हसलो की माया पाणी घेऊन आली. त्या शाळेत माझ्यापुढे दोन वर्ग होत्या. तो शब्द कोणता असेल याचा मला साधारण अंदाज आहे.

पण हसून झाल्यावर बसवेना. मी तुला खरं कारण लिहिलं नव्हतं. तोंडाचं जे लिहिलं ते खोटं नाही, पण ते दुसरं कारण होतं, पहिलं नाही.

तू तेव्हा अकरा-बारा वर्षांची असशील. तुझे बाबा मंडळीत उभे राहिले आणि म्हणाले, "प्रभूनं माह्या तोंडातली शिवी काढून नेली." आधीचा रविंद्र कसा बोलत असे ते तुला ठाऊक नाही, पोरंबाळं असतील तर लोक त्याच्यापासून लांबून जात. त्या दिवशी तुझी आई पहिल्या बाकावर बसून रडत होती. तेव्हापासून मंडळीत कोणी तरुण पोरगा बिघडला की पाळकसाहेब त्याला रविंद्रकडे पाठवतात. आणि नऊ नोव्हेंबरला मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची निवड आहे. त्याचं नाव आहे.

नाव बदलून काय होतं? मंडळीत ॲम्बुलन्स चालवणारा एकच आहे. फुल्या तुझ्या कथेसाठी नव्हत्या. त्याच्यासाठी होत्या. लोक त्याला म्हणतील, साक्ष खोटी होती.

तुला आधीच सांगायला हवं होतं. पण सांगायला गेलो तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती. ती नंतर.

त्याने वाचण्याआधी तू त्याच्याशी बोल.

आबाजी


सक्करदरा, नागपूर
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आबाजी,

सलाम.

तुमचं पत्र येईपर्यंत उशीर झाला होता. दवाखान्यात कोणीतरी बाबांना अंक दिला.

मले खरंच सुचलं नव्हतं आबाजी. मले ती साक्ष आठवते पण मले वाटायचं ती जुनी गोष्ट आहे, संपली. माह्या डोक्यात फक्त कथा होती. मी तिकडे खोट्या साक्षीवर भाषण देऊन राहिली होती, न् इकडे माह्याच घरातल्या माणसाची साक्ष... जाऊ द्या. दोन दिवस मले जेवण गेलं नाही.

काल दुपारी बाबा आले. शर्टाच्या खिशात अंक, उभा घडी केलेला. हातपाय धुतले. गच्चीवर गेले, पुदिन्याले पाणी घातलं. मी मागं गेली.

"कोणी सांगितलं तुले?"

"रोशनी सिस्टरनं."

"हम्म." मग पान चौदा काढलं. "ह्या फुल्या कोणाच्या?"

"आबाजींच्या. बाबा, मी—"

"तू काय लिहिलं होतं?"

सांगावंच लागलं. बापासमोर तो शब्द बोलताना मले तुमचं तोंडाचं म्हणणं पुरेपूर समजलं.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. रोशनीचे कान चांगले आहेत." मग बोट खाली आणलं. "आणि हे? हे कुठून आणलं?"

"ती प्रार्थना? ती तर तुमचीच. 'दिवटी'तून घेतली."

त्यांनी कुंडीतलं एक पिवळं पान तोडलं, बोटात फिरवत बसले. मग म्हणाले, "आबाजीचा पत्ता दे." तुम्हाले पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं, न् मले म्हणे, "वाचू नको, पण टाक पोस्टात." तेच ह्याच्यासोबत आहे. मी उघडलं नाही.

रागावले असतील तर मले कळवा.

उन्नती


(सोबतच्या बंद पाकिटातलं)

२३ ऑक्टोबर

आबाजी,

सलाम. मले लिहिणं जमत नाही, चालवून घ्या.

पोरीनं चांगलं लिहिलं. गल्ली बरोबर आहे, गाडी बरोबर आहे, तो बोट दाखवते ते पण बरोबर. शिवी मी दिली. अकरा वर्षांत ती एकच. घरी येऊन त्याच्यासाठी माफी मागितली प्रभूकडे, पण खरं सांगतो, फार मनापासून नाही मागितली. म्हातारी वाचली होती ना गा.

पण ती प्रार्थना मी केलीच नाही. प्रार्थनेले टाइमच नव्हता. मंडळीत साक्ष दिली तेव्हा मी म्हटलं होतं, "मी ओरडलो न् वाट मिळाली." काय ओरडलो ते सांगायची हिंमत झाली नाही, एवढं माहं चुकलं. मग अंक आला, तर त्याच्यात चार ओळींची प्रार्थना. भल्ली सुंदर होती. पोरीच्या आईनं, पुष्पलतानं, ती कापून देव्हाऱ्यात नाही, पण शास्त्रात ठेवली. लोक मले म्हणाले, रविंद्र, काय प्रार्थना केली तू. मी गप राहिलो. चांगलं वाटलं म्हणून गप राहिलो.

आता पोरीनं तीच खरी समजून लिहिली. म्हणजे माह्या शिवीवर तुम्ही फुल्या टाकल्या, न् जे मी बोललोच नाही ते दोनदा छापून आलं.

पंचाचं होईल ते होईल. नऊ तारखेच्या आधी लोकांना खरं ते कळू द्या. नाहीतर मले त्या खुर्चीवर बसून चैन नाही पडणार.

पोरीले काही बोलू नका. तिनं मले विचारलं नाही ही तिची चूक, पण मी तिले कधी सांगितलं नाही ही माही.

तुमचा,
रविंद्र


अचलपूर
१ नोव्हेंबर २०२५

चि. उन्नती आणि रविंद्र,

सलाम.

दोघांना एकच पत्र लिहितो. एकमेकांपासून पाकिटं लपवणं पुरे झालं.

ती प्रार्थना माझी आहे. रविंद्रच्या साक्षीचा कागद माझ्यासमोर होता, 'मी ओरडलो'. मला वाटलं, ओरडलो कसं छापायचं? साक्षीत माणूस ओरडत नाही. म्हणून मी 'प्रार्थना केली' असं केलं, आणि मग प्रार्थना केली तर ती द्यायला हवी, म्हणून चार ओळी लिहिल्या. अर्ध्या तासात. मला त्या फार आवडल्या होत्या. उन्नती, तुझ्या कथेत त्या पुन्हा दिसल्या तेव्हा म्हणूनच मी प्रार्थनेबद्दल काही म्हणालो नाही.

सणाला लोक कोहळं आणतात ना, मी वर्षानुवर्षं ते स्टेजसमोर मांडण्याआधी ओल्या फडक्याने पुसत आलो. माती राहू नये म्हणून. अंकाचंही तेच केलं. सगळ्यांची तोंडं पुसली. कोणी सांगितलं होतं मले? कोणीच नाही सांगितलं. सवय गा, दुसरं काय. बघ, पुसता पुसता माझी पण भाषा आज घसरली. घसरू दे.

तरी उन्नती, एक सांगतो वं. फुल्या चुकल्या म्हणून तू सगळं जिंकली असं नाही. पुढच्या वेळी असा शब्द लिहिशील तेव्हा ज्याचा आहे त्याला आधी विचार. मग खुशाल लिही. मी छापीन.

चिठ्ठ्या छापून घेतल्या आहेत. सोबत दीडशे पाठवतो. नऊ तारखेला उपासनेआधी प्रत्येक अंकात पान चौदावर चिकटवायच्या. तुझी पेन्सिलवाली प्रतही परत पाठवतो.

आबाजी


शुद्धिपत्र

सणाचा अंक, पान १४, ओळ ९ : फुल्यांच्या जागी 'भाडखाऊ' असे वाचावे. फुल्या लेखिकेच्या नसून संपादकाच्या होत्या.

त्याच पानावर, ओळ १० ते १३ : प्रार्थना गाळावी. ती कोणी केली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या अंकात, श्री. रविंद्र यांच्या साक्षीतही हीच प्रार्थना संपादकाने आपल्या मनाने घातली होती. तेथे मूळचे 'मी ओरडलो' असे वाचावे.

वाट मिळाली आणि बाई वाचल्या, हे दोन्हीकडे बरोबर छापले आहे.

— संपादक


सक्करदरा, नागपूर
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय आबाजी,

सलाम.

चिठ्ठ्या मी न् हिमानीनं चिकटवल्या. अंक घरी विसरले त्यांच्या हातात दिल्या. बायजाबाईंच्या सुनेनं त्यांना ती कानात वाचून दाखवली. बायजाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढंच होय?" आख्खी मंडळी हसली आबाजी. पाळकसाहेब पण. बायजाबाईंची भल्लीच निराशा झाली.

मग बाबा उभे राहिले. फार नाही बोलले. "चिठ्ठीत आहे ते खरं आहे," एवढंच न् खाली बसले. पंच म्हणून ओमप्रकाश भाऊ निवडून आले. बाबांना सात मतं कमी पडली. मी तर रडायच्या बेतात होती, पण बाबा घरी येताना स्कूटरवर म्हणे, "बरं झालं. मले मीटिंगमध्ये तोंड सांभाळणं झालंच नसतं." न् आज सकाळी पाळकसाहेबांनी पुन्हा एक पोरगा त्यांच्याकडे धाडला. म्हणजे ते काम सुटलं नाही.

आईनं शास्त्रातून ते कात्रण काढलं. फेकलं नाही. म्हणे, प्रार्थना तर चांगलीच आहे, आबाजींची म्हणून ठेवते.

काल संध्याकाळी घरी प्रार्थना झाली. मग बाबा म्हणाले, आण तुही कथा, मी वाचतो. मी तुमची पेन्सिलवाली प्रत दिली, कारण त्यांना पूर्णविरामाशिवाय वाचता येत नाही. त्या शब्दापाशी आले न् थांबले. आई भाजी निवडून राहिली होती, मान वर न करता म्हणाली, "वाचा ना, सगळ्या नागपूरनं वाचला."

बाबांनी वाचला. हळू आवाजात, जसा कोणाचं नाव घ्यावं तसा. मग त्यांनी श्वास घेतला. तुमचा पेन्सिलचा पूर्णविराम बरोबर तिथंच होता.

बाकीचे मी खोडरबरनं पुसले. तेवढा एक ठेवला.

तुमची,
उन्नती